रक्ताच्या पिशवीचा माग ब्लॉकचेनवर कसा ठेवायचा: एका जिल्ह्यापुरतं पायलट उभं करायची सविस्तर पद्धत

मे महिना लागला की व्हॉट्सॲपवर "अर्जंट, बी निगेटिव्ह पाहिजे" असे मेसेज सुरू होतात. कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, शिबिरं कमी. आणि त्याच्या दीड-दोन महिने आधी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या महाशिबिरात एकाच दिवशी शेकड्यांनी पिशव्या गोळा झालेल्या असतात, ज्या सगळ्या एकाच आठवड्यात एक्स्पायरीला येतात. म्हणजे दरवेळी रक्तच कमी असतं असं नाही, बऱ्याचदा ते कुणाकडे आहे, किती दिवसांचं उरलंय आणि शिबिरातून गेलेली पिशवी पुढे कुठे पोचली हे एका ठिकाणी कुणालाच दिसत नाही. शिबिर घेणाऱ्या मंडळाकडे एक यादी, रक्तपेढीचं वेगळं सॉफ्टवेअर, स्टोरेज सेंटरचं हाताने लिहिलेलं रजिस्टर, हॉस्पिटलचा इंडोर पेपर. चौघांच्या नोंदी जुळवायची वेळ नेमकी काहीतरी बिघडल्यावरच येते.

हा लेख त्या जुळवणीबद्दल आहे. रक्तपेढीत काम करणारे, ट्रस्ट चालवणारे, किंवा सॉफ्टवेअरवाले ज्यांना "ब्लड डोनेशन ब्लॉकचेन" करायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी. मी एक जिल्हा धरून लिहितेय: दोन रक्तपेढ्या, सिव्हिल हॉस्पिटल, तालुक्याची तीन-चार स्टोरेज सेंटर्स आणि काही खाजगी हॉस्पिटल्स. यापेक्षा मोठं पहिल्या फटक्यात घेऊच नका.

आधी हे ठरवा की ब्लॉकचेन लागते का

एकच रक्तपेढी आणि तिला जोडलेलं एकच हॉस्पिटल असेल तर नको. साधा डेटाबेस, बरं बारकोड प्रिंटर आणि रोजचा बॅकअप, एवढ्यात काम होतं, पैसेही वाचतात. ब्लॉकचेनचा उपयोग तिथे होतो जिथे पाच-सहा वेगवेगळ्या संस्था एकाच पिशवीला हात लावतात आणि कुणीच दुसऱ्याच्या सर्व्हरवरची नोंद "हीच खरी" म्हणून मानायला तयार नसतं. मग सगळ्यांकडे एकाच वहीची प्रत राहते, नोंद ठरलेल्या नियमात बसली तरच वहीत जाते आणि गेलेली नोंद नंतर गुपचूप खोडता येत नाही. बस, इतकंच. ते रक्त तपासत नाही, फ्रिज थंड ठेवत नाही, आणि टेक्निशियनने ए पॉझिटिव्हच्या पिशवीला बी पॉझिटिव्ह लिहिलं तर ती चूकही तितक्याच इमानदारीत कायमची जपून ठेवते. हे ट्रस्टींना पहिल्याच मीटिंगमध्ये स्पष्ट सांगा.

दुसरं म्हणजे ई-रक्तकोश. केंद्र सरकारने ७ एप्रिल २०१६ ला सुरू केलेली ही सिस्टिम सी-डॅकने बनवलेली आहे आणि रक्तपेढ्यांचा स्टॉक तिथे दिसतो. तुमचं पायलट त्याच्या जागी येणार नाहीये, त्याच्या बाजूला चालणार आहे. ई-रक्तकोश सांगतं की अमुक रक्तपेढीत आज ओ पॉझिटिव्हच्या इतक्या पिशव्या आहेत. आपल्याला पाहिजे तो एकेका पिशवीचा प्रवास, कुणी कुणाला कधी दिली आणि घेणाऱ्याने ती कबूल केली का. एंट्री दोनदा करायला लावलीत तर पंधरा दिवसांत स्टाफ एक एंट्री सोडून देईल आणि सोडली जाणारी तुमचीच असेल, त्यामुळे रक्तपेढीच्या चालू सॉफ्टवेअरमधून डेटा आपोआप उचलायची सोय पहिल्या दिवसापासून करा.

पायरी १: पिशवीचा नंबर

सगळा खेळ या नंबरवर आहे आणि याच्यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो म्हणून मी इथे जरा थांबणार आहे.

एका डोनरची ३५० मिलीची एक पिशवी, पण ट्रिपल बॅग असेल तर कंपोनंट सेपरेशननंतर तिच्यातून पॅक्ड रेड सेल, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन माल तयार होतात आणि तिघांचा नंबर एकच राहतो. तिघे तीन पेशंटला जाऊ शकतात, तीन गावांत जाऊ शकतात आणि तिघांची एक्स्पायरी पूर्ण वेगळी. लाल पेशी २ ते ६ डिग्रीला, पिशवीत सीपीडीए-१ हे रक्त टिकवायचं द्रावण असेल तर ३५ दिवस, एसएजीएम हे जास्तीचं द्रावण घातलेलं असेल तर ४२ दिवस. प्लेटलेट २० ते २४ डिग्रीला सतत हलत्या ॲजिटेटरवर, फक्त ५ दिवस. फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली, एक वर्ष. आता तुम्ही लेजरमध्ये, म्हणजे या सामाईक वहीत, नुसता डोनेशन नंबर हीच नोंदीची ओळख (की) ठेवलीत तर प्लेटलेट इश्यू झाल्याक्षणी सिस्टिम म्हणेल पिशवी संपली, आणि फ्रिजमधले रेड सेल कागदावरून गायब. म्हणून की नेहमी डोनेशन नंबर अधिक कंपोनंट कोड अशी जोडीची ठेवा. लहान बाळांसाठी एका पिशवीचे भाग करून देतात, तर तिसरा भाग-क्रमांकही आत्ताच ठेवून द्या, नंतर घालताना सगळं तुटतं.

नंबरची पद्धत स्वतः शोधून काढू नका. आयएसबीटी १२८ हे जगभर वापरलं जाणारं स्टँडर्ड आहे. त्यात डोनेशन नंबर १३ अक्षरांचा असतो, पहिली ५ संस्थेची, पुढची २ वर्षाची, शेवटची ६ अनुक्रमाची. दोन रक्तपेढ्यांचा नंबर कधीच सारखा येत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून १ जानेवारीला १ पासून सुरू होणारा घरचा नंबर चालतो. तो बदलायला रक्तपेढी तयार नसेल तर निदान पुढे संस्थेचा कोड आणि वर्ष जोडून नंबर एकमेव करून घ्या.

लेबल कसलं आहे तेही बघा. फ्रिजमधून काढलेल्या पिशवीवर घाम येतो, साधं कागदी लेबल सुटतं किंवा शाई पसरते आणि स्कॅनर वाचत नाही. मग स्टाफ नंबर हाताने टाईप करतो आणि १३ आकड्यांत एक चुकतो. थंडीत टिकणारं सिंथेटिक लेबल आणि थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, यात काटकसर नको. हाताने टाईप करायची वेळ आलीच तर चेक कॅरेक्टर (नंबर चुकला तर पकडणारं जास्तीचं अक्षर) सक्तीचं करा, आयएसबीटी १२८ मध्ये ते असतं.

पायरी २: वहीत काय लिहायचं

प्रत्येक कंपोनंटची एक अवस्था असते आणि ती ठरलेल्या क्रमानेच बदलते. गोळा झाली, क्वारंटाइनमध्ये (तपासणी होईपर्यंत बाजूला) आहे, तपासणीत पास, स्टॉकमध्ये, कुणासाठी तरी राखीव, इश्यू, रस्त्यात, पोचली, पेशंटला चढवली. आणि कुठल्याही टप्प्यावरून डिस्कार्ड. तुमच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे वहीचे नियम राबवणाऱ्या कोडचं, निम्म्याहून जास्त काम एवढंच की चुकीची उडी मारू द्यायची नाही. क्वारंटाइनमधून थेट इश्यू? नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया, कायद्याने सक्तीच्या या पाचही तपासण्यांवर टेक्निशियनची आणि ब्लड सेंटरच्या मेडिकल ऑफिसरची अशा दोन डिजिटल सह्या असल्याशिवाय "पास" ही अवस्था यायलाच नको. ज्यांना थॅलेसेमियामुळे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं त्यांच्या आईबापांना विचारा या दोन सह्यांची किंमत काय आहे. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या लहान मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची बातमी आली तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता, कुठल्या पिशवीतून.

हस्तांतर एका नोंदीत उरकू नका. देणारा लिहितो "दिली", घेणारा स्कॅन करून लिहितो "मिळाली, बॉक्सचं तापमान इतकं, पिशवी फुटलेली नाही". दुसरी नोंद येईपर्यंत पिशवी देणाऱ्याच्याच नावावर. ही एक गोष्ट जरी नीट चालली ना तरी पायलट वसूल झालं समजा, कारण रस्त्यात हरवलेली जबाबदारी हाच नेहमीचा घोळ. आपल्या राज्यात २०१४ मध्ये जीवन अमृत योजना सुरू झाली होती, १०४ ला फोन केला की मोटरसायकलवर कोल्ड बॉक्समधून रक्त हॉस्पिटलला पोचायचं. तसली कुठलीही वाहतूक तुमच्याकडे असेल तर मोटरसायकलवाला हाही लेजरवरचा एक माणूस आहे, त्यालाही स्कॅनचं ॲप द्या.

राखीव या अवस्थेला मुदत घाला. क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून, पिशवी त्या एका पेशंटच्या नावाने बाजूला ठेवतात, ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि पिशवी तशीच पडून राहते, तिचे दिवस मात्र संपत जातात. ७२ तास किंवा तुमच्या रक्तपेढीच्या पद्धतीप्रमाणे जी मुदत असेल ती टाका, मुदत संपली की ती आपोआप पुन्हा उपलब्ध धरायची. रक्तपेढीत क्रॉसमॅच किती केले आणि त्यातले चढवले किती हे गुणोत्तर बघतातच, दोनाच्या वर जायला लागलं की समजायचं मागणी उगाच जास्त होतेय. हा आकडा लेजरमधून रोज फुकटात निघतो.

चूक झाली तर खोडाखोड नाही, सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद असते तशी दुरुस्तीची नवीन नोंद, कारणासकट आणि दोन सह्यांनी. जुनी नोंदही दिसत राहिली पाहिजे. आणि रक्तगटाची दुरुस्ती असेल तर पिशवी परत क्वारंटाइनमध्ये गेलीच पाहिजे, पुन्हा ग्रुपिंग केल्याशिवाय सुटायची नाही.

रक्तगटाच्या रकान्यात आठच पर्याय ठेवू नका हेही सांगून ठेवते. बॉम्बे ब्लड ग्रुप, ज्याचा शोध डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत लावला आणि १९५२ मध्ये जगासमोर मांडला, तो नुसत्या ए आणि बी अँटिसिराने (रक्तगट ओळखायच्या द्रवाने) केलेल्या तपासणीत ओ सारखा दिसतो पण या लोकांना ओ रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे ग्रुपचंच चालतं. म्हणून एच अँटिजेनचा (बॉम्बे ग्रुपवाल्यांच्या लाल पेशींवर जी खूण नसते तिचा) वेगळा रकाना पाहिजे.

पायरी ३: वहीत काय अजिबात लिहायचं नाही

इथे चुकलात तर प्रकल्प बंद करायची वेळ येईल, म्हणून नीट वाचा. डोनरचं नाव, मोबाईल, आधार, आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा), पत्ता यातलं काहीही चेनवर, म्हणजे या वहीत, नाही. पेशंटचंही नाही. खोडता येत नाही हाच या वहीचा गुण आहे आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ माणसाला स्वतःचा डेटा दुरुस्त करून घ्यायचा, काढून टाकायला सांगायचा हक्क देतो. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यावर एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ आहे, तो एचआयव्ही स्टेटस गुप्त ठेवायची वेगळी जबाबदारी टाकतो.

बरेच डेव्हलपर म्हणतात, आम्ही मोबाईल नंबरचा हॅश (नंबरवरून कोडने काढलेली, उलट फिरवता न येणारी खूण) टाकतो, मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम मोठा आहे. भारतातले मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून शक्यता फक्त ४०० कोटी. एवढ्यांचे हॅश काढायला साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही, कुणीही सगळे काढून जुळवत बसेल आणि डोनर सापडेल. म्हणून हॅश नाही, प्रत्येक डोनरला पूर्ण रँडम असा एक आयडी द्यायचा आणि तो कुणाचा हे फक्त रक्तपेढीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. कायद्याने रक्तपेढीला रेकॉर्ड ५ वर्षं ठेवावं लागतं, ती मुदत संपली आणि डोनरने काढून टाका सांगितलं की तिथली जोडणी पुसायची, चेनवर उरतो तो नुसता बिनओळखीचा आकडा.

याहून बारीक गोष्ट. सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत डोनरचा आयडी आणि "पिशवी तपासणीत बाद" या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर ज्याला कुठून तरी तो आयडी कळला त्याला अंदाज बांधता येतो. गाव लहान असतं, शिबिराची तारीख सगळ्यांना माहीत असते. तर सामाईक वहीत पिशवी आणि डोनर यांची जोडणीच ठेवू नका, ती रक्तपेढीच्या खाजगी भागात. डिस्कार्डचं कारणही सामाईक वहीत फक्त "बाद" एवढंच, मग ते तपासणीमुळे असो, पिशवी फुटली म्हणून असो किंवा मुदत संपली म्हणून. तपशील रक्तपेढी आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेपुरता.

पायरी ४: टेक्निकल बाजू

बिटकॉइन, इथेरियमसारखी सगळ्यांना खुली चेन इथे नको. प्रत्येक नोंदीला फी, वेळ अनिश्चित आणि कोण सामील होतंय यावर ताबा नाही. परवानगी असलेल्यांनाच प्रवेश देणारी चेन पाहिजे आणि त्यात हायपरलेजर फॅब्रिक हा पर्याय मला सगळ्यात बसणारा वाटतो. ओपन सोर्स आहे, कॉइन नाही, शिकायचं साहित्य भरपूर आणि गो, जावा किंवा नोड जेएस येणारा डेव्हलपर तुमच्याच शहरात मिळतो.

संस्था अशा पाडा: रक्तपेढी एक, रक्तपेढी दोन, सिव्हिल हॉस्पिटल, आणि खाजगी हॉस्पिटलांची मिळून एक. स्टोरेज सेंटरना स्वतःचा सर्व्हर चालवायला लावू नका, ती तशीही कुठल्या तरी मदर रक्तपेढीला जोडलेली असतात, त्याच संस्थेचे युझर म्हणून येऊ द्या. राज्य रक्त संक्रमण परिषद आणि एफडीए (अन्न व औषध प्रशासन) यांना फक्त वाचायचा हक्क असलेला नोड, म्हणजे नेटवर्कमधलं एक मशीन, देऊ करा. त्यांनी आत्ता नाही म्हटलं तरी जागा ठेवा.

प्रत्येक संस्थेचा एक पीअर (वहीची प्रत ठेवणारं मशीन), वर एक राखीव असेल तर उत्तम. ऑर्डरर (नोंदींचा क्रम लावणारी मशीनं) राफ्ट या पद्धतीवर किमान तीन, म्हणजे एक बंद पडला तरी काम चालतं, पाच असतील तर दोन पडले तरी चालतं. हे तीन ऑर्डरर एकाच संस्थेच्या एकाच खोलीत ठेवले तर हा सगळा खटाटोप कशाला केला, तीन वेगळ्या संस्थांकडेच ठेवायचे. आणि राफ्ट मशीन बंद पडण्यापासून वाचवतो, मुद्दाम खोटं वागणाऱ्या ऑर्डररपासून नाही. तशी भीती असेल तर फॅब्रिकच्या ३.० आवृत्तीपासून त्यासाठी वेगळी पद्धत आली आहे. जिल्ह्याच्या पायलटला राफ्ट पुरतं असं माझं मत.

डोनर आणि पिशवीची जोडणी प्रायव्हेट डेटा कलेक्शनमध्ये, म्हणजे फॅब्रिकमध्ये ठरावीक संस्थांनाच दिसणाऱ्या खाजगी भागात. त्याचा हॅश मात्र सगळ्यांच्या वहीत जातो, म्हणून आत लिहिताना प्रत्येक नोंदीला रँडम सॉल्ट (हॅश काढायच्या आधी जोडलेली गुप्त अक्षरं) लावा नाहीतर वर सांगितलेला अंदाज बांधायचा धोका पुन्हा येतो. २.५ आवृत्तीत हा खाजगी डेटा नंतर पुसायची सोय आहे, ती आवृत्ती किंवा पुढचीच घ्या.

कॉन्ट्रॅक्ट लिहिताना एक्स्पायरी कधीही हाताने भरू देऊ नका, गोळा केल्याची तारीख आणि कंपोनंट यावरून कोडनेच काढावी. आत सर्व्हरचं घड्याळ वापरू नका, दोन पीअरची घड्याळं काही सेकंदांनी वेगळी असली की दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि नोंद फेटाळली जाते, ट्रान्झॅक्शनसोबत आलेला टाइमस्टॅम्प घ्या. आणि हे लक्षात ठेवा की ब्लॉकचेन स्वतःहून रात्री उठून "आज या वीस पिशव्या संपतायत" असं सांगत नाही. इश्यूच्या वेळी एक्स्पायरी तपासली जाईल, पण पाच-सात दिवस आधीची सूचना द्यायला बाहेर रोज चालणारा वेगळा प्रोग्राम लागतो. ही सूचना जिल्ह्यातल्या सगळ्यांना जाऊ द्या, कारण एका रक्तपेढीत पडून असलेली पिशवी दुसऱ्या तालुक्यात आज लागणार असते. पिशव्या एका रक्तपेढीतून दुसरीकडे द्यायचे नियम आहेत, ते बघून मगच हे चालू करायचं.

होस्टिंगसाठी सरकारी वाट हवी असेल तर आयटी मंत्रालयाने ४ सप्टेंबर २०२४ ला विश्वस्य नावाचा ब्लॉकचेन स्टॅक जाहीर केला, त्याची यंत्रणा एनआयसी या सरकारी आयटी संस्थेच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरवर आहे. सिव्हिल हॉस्पिटल सामील असेल तर त्यांच्यामार्फत विचारा. नाहीतर प्रत्येक संस्थेने साधा क्लाउड सर्व्हर घेतला तरी चालतं, जिल्ह्याच्या पिशव्यांच्या मानाने लोड किरकोळ असतो.

पायरी ५: शिबिराचा दिवस

शाळेचा हॉल किंवा गणपती मंडळाचा मांडव, रेंज नाही, बाहेर डीजे. इथे ऑनलाइन ॲप चालेल असं धरूनच चालू नका. लेबलांचे सेट आदल्या दिवशी छापून घ्यायचे, एका डोनरला एक सेट: फॉर्मवर एक, मेन पिशवीवर एक, तिला जोडलेल्या छोट्या सॅटेलाइट पिशव्यांवर, तपासणीच्या नळ्यांवर. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म स्कॅन करायचा, खाटेजवळच्या टेक्निशियनने सुई लावायच्या आधी पिशवी आणि नळ्या स्कॅन करायच्या, तिन्ही जुळले तरच फोन हिरवा. लाल झाला तर तिथल्या तिथे थांबायचं. नंतर रक्तपेढीत आल्यावर जुळवू म्हटलं की दोन डोनरच्या नळ्यांची अदलाबदल झालेली कळतच नाही, आणि ही अदलाबदल ब्लॉकचेनही पकडू शकत नाही.

फोनमध्ये नोंदी सहीसकट साठून राहतात आणि रेंज आली की वर जातात. म्हणून दोन वेळा ठेवायच्या, घटना घडली ती आणि वहीत आली ती. दोन्हींत फार अंतर दिसलं की विचारपूस करायची.

पात्रतेचे नियम ॲपमध्ये घाला: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि ४५० मिलीची पिशवी असेल तर ५५ च्या वर, हिमोग्लोबिन १२.५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० दिवस, बायकांसाठी १२० दिवस झालेले. शेवटचा नियम आज खरं तर डोनरच्या शब्दावर चालतो. एका रक्तपेढीत दिलेलं दुसरीला माहीत नसतं आणि वाढदिवसांच्या सीझनला उत्साही पोरं महिन्यात दोनदा देऊन जातात. दोन्ही रक्तपेढ्या एकाच चेनवर असतील तर "हा आयडी अमुक तारखेपर्यंत थांबवा" एवढंच विचारता येतं, कारण न सांगता. त्यासाठी दोन्हीकडे डोनरचा आयडी एकच पाहिजे, तर डोनरला क्यूआर असलेलं कार्ड द्या आणि ते त्याच्याच हातात राहू द्या.

आणि डोनरला टोकन, पॉइंट, कॉइन देण्याची आयडिया कुणी आणली तर तिथेच थांबवा. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये कॉमन कॉज खटल्यात पैसे घेऊन रक्त देणं बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक डोनर बंद झाले. ज्याची देवाणघेवाण होऊ शकते असं टोकन म्हणजे मागच्या दाराने पैसेच. पैशासाठी देणारा माणूस आजार लपवतो, ही बंदी याच अनुभवातून आली आहे.

त्यापेक्षा एक मेसेज पाठवा. स्वीडनमध्ये रक्त वापरलं गेलं की डोनरला एसएमएस जातो. आपल्याकडे मांडवात बिस्किट खाऊन घरी गेलेल्या माणसाला पुढे काहीच कळत नाही. चढवल्याची नोंद पडली की रक्तपेढीच्या सर्व्हरवरून मेसेज जाऊ दे, मात्र दोन-तीन दिवस थांबून आणि हॉस्पिटलचं नाव न घेता, नाहीतर छोट्या गावात लोक जुळवाजुळव करतात. बाय द वे, असे मेसेज पाठवायला टेम्प्लेट ज्या डीएलटी पोर्टलवर रजिस्टर करावी लागते ती २०१८ च्या ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) नियमांमुळे आलेली ब्लॉकचेनच्या जातीचीच यंत्रणा आहे, देशभर रोज चालते. कुणी म्हणालं की हे आपल्याकडे चालणार नाही तर हे उदाहरण द्या.

पायरी ६: फ्रिज आणि अर्धा तास

फ्रिजमधला डेटा लॉगर दर काही मिनिटांनी तापमान लिहितो. ते सगळे आकडे चेनवर टाकू नका, उगाच फुगते. आकडे साध्या डेटाबेसमध्ये, दिवसभराच्या फाइलचा एक हॅश चेनवर, आणि मर्यादा ओलांडली तर ती घटना लगेच स्वतंत्र नोंद म्हणून, त्या वेळी आत असलेल्या सगळ्या पिशव्यांच्या नंबरासकट.

खरी गडबड वॉर्डात होते. पिशवी वॉर्डात नेली, पेशंटला ताप आला, डॉक्टर म्हणाले आज नको, आणि दोन तासांनी पिशवी रक्तपेढीत परत. फ्रिजबाहेर ३० मिनिटांपेक्षा जास्त राहिलेली पिशवी परत स्टॉकमध्ये घ्यायची नसते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बाहेर किती वेळ होती याचा पुरावा कुणाकडे नसतो आणि मग तोंडी शब्दावर काम चालतं. इश्यूची वेळ चेनवर आहे, परतीच्या स्कॅनची वेळ आहे, मधे कोल्ड बॉक्सच्या लॉगरची नोंद नसेल आणि ३० मिनिटं उलटली असतील तर कॉन्ट्रॅक्टने "स्टॉकमध्ये परत" ही उडी नाकारायची. यावर सुरुवातीला वाद होतील, पिशवी वाया जातेय म्हणून सगळ्यांनाच वाईट वाटतं. तरीही हा नियम सैल करू नका. त्याऐवजी वॉर्डाला सांगा की पेशंट तयार असेल तेव्हाच मागवा आणि एका वेळी एकच.

पायरी ७: लोक, सह्या, पासवर्ड

तिन्ही शिफ्टचा स्टाफ एकाच लॉगिनवर काम करत असेल तर डिजिटल सहीला शून्य अर्थ आहे. प्रत्येकाचं स्वतःचं डिजिटल सर्टिफिकेट, आयकार्डवरचा क्यूआर आणि चार आकडी पिन, लॉगिन पाच सेकंदांत व्हायला पाहिजे, नाहीतर रात्री दोन वाजता बाळंतपणाची इमर्जन्सी आल्यावर कुणी पासवर्ड टाईप करत बसणार नाही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द, हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवा.

इमर्जन्सीसाठी वाट ठेवाच. सिस्टिम बंद आहे म्हणून रक्त अडलं असं एकदाही होता कामा नये. कागदी इश्यू स्लिप चालू ठेवा, नंतर २४ तासांच्या आत ती नोंद "उशिराची" म्हणून चढवा.

पायरी ८: पायलटची परीक्षा

पहिले तीन महिने जुनं रजिस्टर आणि चेन दोन्ही चालू. दर शनिवारी फ्रिज उघडून हातात पिशव्या घेऊन मोजायच्या आणि लेजरच्या आकड्याशी लावून बघायचं. फरक निघेल. पहिल्या महिन्यात हमखास निघतो आणि प्रत्येक फरकाचं कारण लिहून काढलंत की तुमच्या जिल्ह्यात नेमकं कुठे गळतंय ते कळतं. साधारण दोनच जागा सापडतात, स्टोरेज सेंटरला "मिळाली" स्कॅन न होणं आणि हॉस्पिटलकडून "चढवली" न येणं. दुसऱ्यावर उपाय, नर्सला वेगळं काम देऊ नका, ट्रान्सफ्युजनच्या आधी पेशंटच्या पट्ट्याशी पिशवी स्कॅन करून जुळवणं हे सुरक्षेचं काम आहेच, तीच नोंद पुढे पाठवा.

मग लुकबॅकचा, म्हणजे मागे जाऊन पिशव्या शोधायचा, सराव. समजा एक नेहमीचा डोनर यावेळी हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आला. मागच्या वेळी तो विंडो पिरियडमध्ये असू शकतो, म्हणजे लागण झालेली पण टेस्टमध्ये न दिसलेली. त्याच्या मागच्या रक्तदानातले तिन्ही कंपोनंट कुठे गेले, कुणाला चढले, कुठलं अजून फ्रीझरमध्ये आहे? प्लाझ्मा वर्षभर टिकतो, तो बहुतेक वेळा अजून तिथेच असतो आणि आजच बाजूला काढता येतो. हे उत्तर रजिस्टरं चाळून काढा आणि लेजरवरून काढा, दोन्हीला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा. डोनर ते पिशवी रक्तपेढी बघते, पिशवी ते हॉस्पिटल चेन सांगते, हॉस्पिटलमधला पेशंट हॉस्पिटलच ओळखतं. तीन किल्ल्या तीन जागी असल्यामुळे कुणा एकाला सगळं दिसत नाही आणि तरी साखळी पूर्ण होते. ब्रिटनमध्ये ७० आणि ८० च्या दशकांत दूषित रक्त आणि रक्तघटकांमधून ३०,००० हून जास्त लोकांना लागण झाली आणि चौकशीचा अंतिम अहवाल मे २०२४ मध्ये आला. नष्ट झालेल्या, न सापडणाऱ्या नोंदी हा त्यातला मोठा भाग होता.

रक्त चढवल्यावर रिॲक्शन आली तर ती नोंदही त्याच पिशवीच्या साखळीत लागू दे आणि हिमोव्हिजिलन्सचा (रक्त चढवल्यावरच्या त्रासांवर लक्ष ठेवायच्या कार्यक्रमाचा) रिपोर्ट त्यातून निघू दे. भारताचा हा कार्यक्रम डिसेंबर २०१२ पासून चालू आहे, त्यांचा फॉर्म भरायला लागणारी निम्मी माहिती तुमच्याकडे आधीच असते.

दुसरा जिल्हा जोडायची घाई तीन महिन्यांनंतरही करू नका. आधी बघा की शनिवारच्या मोजणीतला फरक सलग चार आठवडे शून्य आलाय का, एक्स्पायर होणाऱ्या प्लेटलेटचं प्रमाण आधीपेक्षा उतरलंय का, आणि लुकबॅकचा सराव रात्रपाळीच्या माणसाला, डेव्हलपर शेजारी नसताना, जमतोय का. तिन्हींचं उत्तर हो आलं की नेटवर्कचा करार लिखित करा: खर्च कुणी किती उचलायचा, कॉन्ट्रॅक्टचा कोड बदलायला किती संस्थांची मंजुरी लागेल, आणि एखादी रक्तपेढी उद्या बाहेर पडली तर तिच्याकडची डोनर-पिशवी जोडणी ५ वर्षं कुणाकडे सीलबंद राहील. हा शेवटचा मुद्दा वकिलाकडून नीट लिहून घ्या, कारण ती जोडणी हरवली तर चेनवरच्या त्या रक्तपेढीच्या सगळ्या पिशव्यांचा लुकबॅक तिथेच तुटतो.